मराठी बालसंगोपन-ग्रंथांतील विध्यर्थ : एक समीक्षा

१. विषयाची व्याप्ती

नवजात अर्भकाची जोपासना कशी करावी हे सांगणारे ग्रंथ मराठीत थोडे नाहीत. परंतु वाङ्मयसमीक्षेने त्यांची दखल घेण्याचे कारण नाही, असा समज विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. हे ग्रंथ वैद्यकाचे. त्यांतील विधान बरोबर की चूक हे वैद्यांनी ठरवावे, असा त्या समजाचा आधार. तो अर्धाच खरा आहे. ग्रंथातील माहिती वैद्यकाची असली तरी ती वाचकापर्यंत पोहोचते ती वाक्याच्या वाटेने. आणि वाक्य ही भाषाभ्यासकाच्या अधिकारातील वस्तू होय. एखादी सूचना कोणी पाळावयाची, ती किती निकडीची, ती केव्हा लागू होते आणि केव्हापासून लागू आहे, ह्या चार गोष्टी वाक्याने सांगितल्या नाहीत, तर माहिती बिनचूक असूनही ग्रंथ निरुपयोगी ठरू शकतो. क्वचित प्रसंगी अपायकारकही. प्रस्तुत लेखात ह्या ग्रंथांच्या वाक्यरचनेचा, विशेषतः त्यांनी सर्वत्र वापरलेल्या विध्यर्थाचा, त्या चार कसोट्यांवर विचार करावयाचा आहे.

हा विचार एका विशिष्ट वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून करणे सोयीचे आहे. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरीवली व मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईच्या हद्दीत आली. पुढील दशकांत गिरगाव-परळच्या चाळींतून निघालेली असंख्य मराठी कुटुंबे ह्या उपनगरांत स्थिरावली. चाळीत जन्मलेले मूल एका कुटुंबाचे नसे, मजल्याचे असे. बाळ रडू लागले की ते पोटाचे रडणे की भुकेचे, हे शेजारच्या खोलीतील जाणत्या बाईला भिंतीपलीकडूनच कळे. स्वतंत्र सदनिकेचे दार लागले आणि ती बाई दाराबाहेर राहिली. पहिले बाळंतपण माहेरी, ही चाल अद्याप मोडलेली नाही. पण माहेरची आईही नोकरी करणारी असते, आणि सासूबाई कोकणातून सव्वा महिन्यासाठी येऊन परत जातात. त्यानंतर रात्री दोनच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरील दीड खोलीत दोन अननुभवी माणसे आणि एक रडणारे मूल एवढेच उरते. ग्रंथ उघडला जातो तो ह्या वेळी. जाणत्या बाईची जागा ग्रंथाने घ्यावी अशी त्या घराची अपेक्षा असते. ग्रंथाची वाक्यरचना ती अपेक्षा कितपत पुरी करते, हाच समीक्षेचा प्रश्न आहे.

२. जाणत्या बाईचे वाक्य आणि ग्रंथाचे वाक्य

जाणत्या बाईची भाषा आज्ञार्थाची असे. ‘मान धर’, ‘आधी पाण्यात कोपर बुडवून बघ’, ‘उभं धर, ढेकर काढ’, ‘राहू दे, आज न्हाऊ नको घालूस’ ह्या धर्तीच्या वाक्यांत कर्ता उच्चारलेला नसला तरी तो संदिग्ध नाही. जिच्याकडे पाहून वाक्य उच्चारले गेले तीच कर्त्री. वाक्याचे बल आवाजाच्या चढउतारावरून कळते. त्याची मर्यादा समोरच्या बाळावरून कळते. त्याच बाळाला हात लावून बाई बोलत असते. वाक्य चुकीचे ठरल्यास दुसऱ्या दिवशी तिला जाब विचारता येतो. तिचे ज्ञान सदोष असे, ही गोष्ट निराळी. चीक पिळून टाकून देण्याचा आग्रह अशा बायांनीच पिढ्यान्‌पिढ्या धरला, आणि बाळाला मिळावयाचे पहिले संरक्षण वाया घालविले. तिच्या ज्ञानात दोष होता, तरी ते सांगण्याची तिची रीत पक्की होती.

ग्रंथाने ज्ञान सुधारले, परंतु रीत बदलली. आज्ञार्थाच्या जागी विध्यर्थ आला. ‘पाज’ऐवजी ‘पाजावे’, ‘घाल’ऐवजी ‘घालावे’, ‘देऊ नकोस’ऐवजी ‘देऊ नये’. ह्या स्थित्यंतराचे मूळ दूरचे आहे. मराठीतील ‘-आवा’ हा प्रत्यय संस्कृतातील ‘-तव्य’ ह्या कृत्य प्रत्ययापासून आला आहे; आणि विधी सांगण्याची संस्कृत शास्त्रग्रंथांची रीत कृत्य प्रत्यय व विधिलिङ् ह्यांवरच उभी आहे. बालसंगोपनाचे शास्त्र त्या परंपरेत चांगलेच प्रगत होते. ‘अष्टांगहृदया’च्या उत्तरस्थानाचा आरंभ बालोपचरणीय अध्यायाने होतो, ‘काश्यपसंहिता’ तर कौमारभृत्याचाच ग्रंथ. ‘चरकसंहिते’च्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बाळाची खोली, अंथरूण-पांघरूण आणि खेळणी ह्यांचे तपशील आहेत. खेळणी रंगीत, आवाज करणारी व हलकी असावीत, टोकदार नसावीत, तोंडात जाण्याजोगी नसावीत, भीती वाटेल अशी नसावीत. मूल रडले किंवा जेवेना म्हणून त्याला राक्षस-पिशाच्चांची नावे घेऊन भिववू नये. ह्या सूचना आजच्या कोणत्याही ग्रंथात जशाच्या तशा घालता येतील.

परंतु त्याच अध्यायात, जन्मल्यावर बाळाला प्रथम मध व तूप चाटवावे असाही विधी आहे. अर्भकांना होणारी बोट्युलिझम ही विषबाधा १९७६ मध्ये प्रथम ओळखली गेली, आणि पुढे तिचा मधाशी असलेला संबंध ध्यानी आला. तेव्हापासून एक वर्षाच्या आत मध चाटवू नये, ही जगभरच्या बालवैद्यकातील निरपवाद सूचना आहे. म्हणजे एकाच अध्यायात एक सूचना आजही शिरोधार्य आणि दुसरी वर्ज्य. पण दोहोंचे क्रियारूप एकाच घराण्याचे. रूपावरून त्यांत निवड करण्याचा कोणताही मार्ग वाचकाला उपलब्ध नाही. मराठी ग्रंथांनी संस्कृतापासून विध्यर्थ घेतला, त्याबरोबर ही अडचणही वारशाने आली.

३. बल : एका रूपाचे अनेक अर्थ

मोरो केशव दामले ह्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) शालेय पुस्तकांपर्यंत मराठी व्याकरणाने विध्यर्थाची चर्चा केली आहे. कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा, तर्क असे त्याचे अर्थ विद्यार्थ्यांना पाठ असतात. ‘मुलांनी आईवडिलांचे ऐकावे’ हे कर्तव्य. ‘आता पाऊस थांबावा’ ही इच्छा. ‘तो एव्हाना पोहोचला असावा’ हा तर्क. नित्याच्या व्यवहारात संदर्भ अर्थ ठरवितो, म्हणून ही अनेकार्थता बाधत नाही. संगोपन-ग्रंथात मात्र संदर्भ पुरविणारी व्यक्ती गैरहजर असते, आणि सर्व विधाने एका ओळीत येतात. त्यांच्या धर्तीवर रचलेला पुढील नमुना पाहावा :

बाळाला रोज कोमट पाण्याने आंघोळ घालावी. टाळूवर तेल घालावे. पहिले सहा महिने अंगावरचेच दूध पाजावे. डोळ्यांत काजळ घालावे. श्वास जलद चालत असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पाच वाक्ये, पाचही विध्यर्थी, पाचही तितकीच शांत. वस्तुतः त्यांचे अधिकार पूर्णपणे भिन्न आहेत. पहिले वाक्य सोयीचे आहे. आंघोळ एक दिवस चुकल्याने काही बिघडत नाही. दुसरे रूढीचे आहे. टाळू तेलाने भरत नाही, कवटीची हाडे वाढून ती आपल्या कालाने मिटते. तिसऱ्या वाक्यामागे भक्कम संशोधन आहे. चौथे अपायकारक आहे. काजळात शिसे असू शकते आणि अस्वच्छ बोटाने डोळ्याला संसर्ग होऊ शकतो. पाचवे प्राणरक्षणाचे आहे. असे असता वाचकाला मिळतात ती सारख्या उंचीची पाच वाक्ये. जो वाचक सर्व वाक्ये सारख्याच श्रद्धेने पाळतो तो काजळही घालतो; जो अनुभवाने एक वाक्य टाकाऊ ठरवितो तो उरलेल्या चारांवरचा विश्वासही गमावून बसतो. आंघोळ चुकली तरी काही झाले नाही, तसे श्वासाचेही काही होणार नाही, असे त्याला वाटले तर दोष त्याचा नव्हे.

निषेधाची अवस्था हीच आहे. ‘बाळाला मध देऊ नये’ आणि ‘तिन्हीसांजेला बाळाला बाहेर नेऊ नये’ ही दोन्ही ‘नये’ने संपतात. ‘शक्यतो’, ‘सहसा’, ‘अवश्य’, ‘कटाक्षाने’ ही क्रियाविशेषणे ह्या उणिवेची भरपाई करण्यासाठीच योजिली जातात. पण ती भरपाई अपुरी असते. बहुधा ती अर्थासाठी न येता लयीसाठी येतात, आणि एकाच पृष्ठावर ‘अवश्य’ चार वेळा आले म्हणजे ‘अवश्य’ला काही किंमत उरत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. विध्यर्थ हे सभ्यतेचे रूप आहे. सुशिक्षित प्रौढ वाचकाला पानोपानी आज्ञा करणे औचित्याला सोडून होईल. हा आक्षेप हलका नाही. किंबहुना विध्यर्थाचा आणखी एक उपयोग आहे, जो व्याकरणात नोंदविलेला नाही. घरात सून सासूला ‘काजळ घालू नका’ असे म्हणू शकत नाही. पण ‘काजळ घालू नये असं पुस्तकात लिहिलंय’ असे म्हणू शकते. कर्ताहीन वाक्य कोणाच्याच अंगावर येत नाही, म्हणून ते भांडणावाचून वाचून दाखविता येते. दोन पिढ्यांच्या मध्ये ग्रंथ ठेवून बोलण्याची ही सोय उपनगरातील लहान घरात मोलाची आहे. म्हणून विध्यर्थ टाकावा, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. निष्कर्ष एवढाच की, विध्यर्थाला एकट्याला सर्व भार वाहावयास लावू नये.

४. कर्ता : वाक्यातून गळलेला माणूस

विध्यर्थाचे दुसरे वैशिष्ट्य प्रयोगाचे आहे. सकर्मक क्रियापदाच्या विध्यर्थी रचनेत कर्ता तृतीयेत जातो आणि क्रियापद कर्माशी जुळते : ‘आईने बाळाला दूध पाजावे’, ‘बापाने दुपटी धुवावीत’. तृतीयेतील हा कर्ता गाळला तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या लंगडे पडत नाही, आणि संगोपन-ग्रंथात तो जवळजवळ नेहमीच गाळलेला असतो. ‘दुपटी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावीत.’ कोणी? वाक्य सांगत नाही. वाक्य सांगत नाही तेव्हा रूढी सांगते. आणि रूढीचे उत्तर एकच असते.

‘पाजणे’ ह्या क्रियापदाच्या बाबतीत हे विशेष स्पष्ट होते. मराठीत अंगावर पाजणे, बोंडल्याने पाजणे, वाटी-चमच्याने पाजणे ही सर्व ‘पाजणे’च. पहिली क्रिया आईवाचून अशक्य. उरलेल्या दोन घरातील कोणीही करू शकेल. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूतिलाभ अधिनियमाच्या कक्षेत येणाऱ्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची सवेतन रजा मिळते. तीपैकी ८ आठवड्यांपर्यंत रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. ज्या स्त्रीने ती तशी घेतली तिला बाळ साडेचार महिन्यांचे होण्याच्या आधीच कामावर जावे लागते. आणि अनेक स्त्रियांच्या नोकऱ्या ह्या अधिनियमाबाहेरच्या असल्याने त्यांना त्याहूनही लवकर. केवळ आईच्या दुधाची मुदत मात्र सहा महिन्यांची आहे. मुलुंडहून सकाळची गाडी पकडून फोर्टात जाणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ह्या दोन मुदतींमधील अंतर भरून काढणारी गोष्ट एकच : काढून ठेवलेले दूध. असे दूध झाकण असलेल्या स्वच्छ भांड्यात साध्या तापमानाला चार तासांपर्यंत राहू शकते. शीतकपाटात त्याहून अधिक. ते पाजावयाचे कोणी? बापाने, आजीने, सांभाळणाऱ्या बाईने. ‘दूध पाजावे’ एवढ्यावर थांबणारा ग्रंथ ह्या सर्वांना आपल्या वाचकवर्गातून वगळतो.

बाप ग्रंथात येतो तो बहुधा वेगळ्या परिच्छेदात, आणि त्याचे क्रियापद ‘मदत करणे’ हे असते. ‘वडिलांनीही मदत करावी.’ ‘मदत’ हा शब्द निरुपद्रवी दिसतो; पण काम दुसऱ्याचे आहे हे तो गृहीत धरतो. ‘ही’ हा अव्ययही तेच सांगतो. दोन शब्दांत एक संपूर्ण श्रमविभागणी बसविलेली आहे, आणि कोणाच्याही लक्षात न येता. ह्याच्या उलट, गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) ह्यांच्या गुजराती ग्रंथाच्या शीर्षकाचा दाखला देता येईल. ‘मा-बाप थवुं आकरुं छे’ : आईबाप होणे अवघड आहे. ह्या शीर्षकात आई व बाप एका समासात आहेत, आणि अवघडपणा दोघांच्या वाट्याला सारखाच आला आहे. भावनगरात गिजुभाईंच्या कार्यात सहभागी झालेल्या ताराबाई मोडक ह्यांच्याद्वारा तो विचार मराठीत आला. परंतु त्या विचाराचा समास आरोग्यविषयक ग्रंथांच्या वाक्यापर्यंत पोहोचला नाही.

आणखी एक कर्त्री ग्रंथात मुळीच नाही. उपनगरांत अनेक घरी बाळाला न्हाऊमाखू घालते ती मालीशवाली बाई. ती बाळाला पायांवर घेते, रगडते, नाकात फुंकर मारते, धुरी देते. ग्रंथ ती वाचत नाही. ग्रंथ वाचणारी स्त्री तिला सांगावयास कचरते. मालीश हलक्या हाताने करावे, नाकाकानांत तेल सोडू नये, धूर करू नये ही वाक्ये वास्तविक तिच्यासाठी आहेत. ‘मालीश करणाऱ्या बाईला आधीच सांगून ठेवा’ एवढी चार-पाच शब्दांची भर घातली असती तर ती योग्य पत्त्यावर गेली असती.

कर्त्याच्या दृष्टीने शीर्षकेही बोलकी आहेत. डॉ. मालती कारवारकर ह्यांच्या ग्रंथाचे नाव ‘वंशवेल’, डॉ. बालाजी तांबे ह्यांच्या ग्रंथाचे ‘आयुर्वेदीय गर्भसंस्कार’. शोभा भागवत ह्यांच्या ग्रंथाचे ‘आपली मुलं’. पहिल्या शीर्षकात मूल हे एका वाढत्या परंपरेचा अंकुर आहे. दुसऱ्यात ते संस्काराचा विषय आहे. तिसऱ्यात ते कोणाचे तरी आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आहे. ‘आपली’ ह्या शब्दात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही अंतर्भूत होतात. लेखिका, आई, बाप, शेजारी ह्या सर्वांचा त्यात समावेश होतो. ‘मुले’ न लिहिता ‘मुलं’ लिहिल्याने वाक्य चाळीच्या गॅलरीत उच्चारल्यासारखे वाटते. शीर्षकावरून ग्रंथाची योग्यता ठरत नाही हे खरे. परंतु ग्रंथ कोणाशी बोलू इच्छितो ते शीर्षकावरून कळते.

५. मर्यादा : ‘जास्त’ म्हणजे किती?

‘जास्त ताप आल्यास’, ‘वारंवार जुलाब झाल्यास’, ‘बाळ सुस्त वाटल्यास’ ही संकेतार्थी उपवाक्ये ह्या ग्रंथांत पदोपदी भेटतात. अनुभवी स्त्रीला ‘जास्त’ म्हणजे किती हे ठाऊक असते, कारण तिने ‘कमी’ पाहिलेले असते. पहिलटकरणीजवळ तुलनेला दुसरे मूल नाही. तिच्या दृष्टीने ‘जास्त’ हा शब्द मोजमापाचा नसून काळजीचा आहे. ती घाबरट असेल तर सर्वच जास्त, आणि संकोची असेल तर काहीच जास्त नाही.

ह्या बाबतीत उपनगरांनी धडा घ्यावा तो गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ ह्या संस्थेने तेथील गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या उपक्रमात नवजात-मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींच्या द्वारा ही पद्धती देशभर स्वीकारण्यात आली. ह्या यशाची वैद्यकीय कारणे अनेक आहेत. भाषिक कारण एक आहे. ‘श्वास जलद चालत असल्यास’ असे मोघम सांगून तेथे भागविण्यात आले नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक असेल तर तो जलद, असा आकडा देण्यात आला. आणि ज्यांना इतके मोजणे अवघड, त्यांच्यासाठी मणी सरकवून मोजण्याचे साधन तयार करण्यात आले. विशेषणाची जागा संख्येने घेतली, आणि अध्याहृत कर्त्याची जागा नावानिशी नेमलेल्या आरोग्यदूताने. ज्या स्त्रीला दहा मण्यांच्या पलीकडे मोजण्याचा सराव नव्हता तिच्या हाती निश्चित वाक्य होते. अंधेरीतील पदवीधर मातेच्या हाती ‘जलद’ हे विशेषण आहे.

मराठीत हे साधता येत नाही असे मुळीच नाही. जुलाबावर देण्यात येणाऱ्या क्षार-शर्करा-मिश्रणाला मराठीने ‘जलसंजीवनी’ हे नाव दिले. पाण्याने जीव वाचतो हा सारा आशय त्या एका सामासिक शब्दात आहे, आणि तो उच्चारावयास सोपा आहे. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ : ही कृती सांगताना कोणताही ग्रंथ ‘थोडे मीठ’ असे लिहीत नाही, कारण मीठ अधिक झाल्यास अपाय होतो हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. तोच काटेकोरपणा तापाला आणि श्वासाला का लागू नाही, हा प्रश्न संपादकांना विचारावयास हवा.

६. तिथी : शास्त्र बदलते, पुनर्मुद्रण बदलत नाही

विध्यर्थाला काळ नाही. ‘पाजावे’ हे रूप काल, आज व उद्या सारखेच लागू असल्याचा भास निर्माण करते. शास्त्राला मात्र काळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये केवळ स्तनपानाची मुदत चार ते सहा महिन्यांवरून सहा महिन्यांपर्यंत निश्चित केली. त्यापूर्वी लिहिलेल्या ग्रंथात ‘चौथ्या महिन्यापासून वरचे अन्न सुरू करावे’ असे वाक्य असल्यास त्या काळी ते चूक नव्हते. परंतु उपनगरातील ग्रंथालयाच्या कपाटात तो ग्रंथ आजही उभा असतो आणि त्यातील ‘करावे’ आजही ‘करावे’च म्हणत असते.

ह्या धोक्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण इंग्रजीतील आहे. डॉ. बेंजामिन स्पॉक ह्यांचा १९४६ मध्ये निघालेला संगोपन-ग्रंथ गेल्या शतकातील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांपैकी एक. आईबापांनी स्वतःच्या समजुतीवर विश्वास ठेवावा, हा त्याचा सुप्रसिद्ध विशेष. त्याच ग्रंथाच्या १९५० च्या दशकातील आवृत्तीपासून बाळाला पालथे निजविण्याचा सल्ला देण्यात आला. सल्ल्यामागे तर्क होता : उताणे निजलेले बाळ ओकल्यास गुदमरेल. पुढे पुराव्याने उलटेच सिद्ध केले. पालथे निजविणे हे झोपेतील आकस्मिक मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरले, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटन व अमेरिकेत बाळाला उताणेच निजवा अशा मोहिमा काढाव्या लागल्या. एका सौम्य, मायाळू, उत्तम शैलीच्या ग्रंथातील एका वाक्याने किती घरे उद्ध्वस्त होऊ शकतात, ह्याचा हा दाखला समीक्षकाने विसरता कामा नये.

भारतीय कायद्याने ह्या प्रश्नाची जाण दाखविली आहे, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांना बहुधा ठाऊक नसते. दुधाचे पर्यायी पदार्थ, दूधबाटल्या व शिशुआहार ह्यांचे नियमन करणाऱ्या १९९२ च्या केंद्रीय अधिनियमाने (सुधारणा २००३) गर्भवतींसाठी व मातांसाठी काढलेल्या शैक्षणिक साहित्यात काय असले पाहिजे ते नेमून दिले आहे. स्तनपानाचे श्रेष्ठत्व, त्याची तयारी व सातत्य, अधूनमधून बाटली दिल्याने होणारी हानी, एकदा सुटलेले स्तनपान पुन्हा सुरू करण्यातील अडचणी इत्यादी मुद्द्यांबरोबर त्यात मुद्रण व प्रकाशन ह्यांची तारीख आणि मुद्रक-प्रकाशकांची नावे ह्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे तिथी हा कायद्याच्या दृष्टीने मजकुराचाच भाग आहे. मराठी प्रकाशनव्यवहारात मात्र ‘पुनर्मुद्रण’ हा शब्द पुष्कळदा नवेपणाची हमी म्हणून वाचला जातो. वास्तविक तो मजकूर न बदलल्याची कबुली असतो. कोणत्या वर्षी कोणते वाक्य बदलले हे सांगणारे अर्धे पान प्रत्येक आवृत्तीच्या आरंभी असणे, ही अवाजवी अपेक्षा नव्हे.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून ह्या ग्रंथप्रकाराच्या मूल्यमापनाच्या चार कसोट्या निष्पन्न होतात. कर्ता : कृती कोणी करावयाची ते वाक्य सांगते काय? बल : सोय, रूढी, पुरावा आणि निकड ह्यांत वाक्य भेद करते काय? मर्यादा : ‘जास्त’च्या जागी संख्या आहे काय? तिथी : हे ज्ञान कोणत्या वर्षाचे? ह्या कसोट्या वैद्यकाच्या नाहीत. त्या वाक्याच्या आहेत, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कोणताही संगोपन-ग्रंथ हाती घेऊन त्या लावून पाहता येतील. अशा ग्रंथाच्या लागोपाठच्या आवृत्त्यांची वाक्यशः तुलना हा प्रबंधाचा स्वतंत्र विषय होऊ शकेल.

टीकेबरोबर पर्याय सुचविणे हेही समीक्षेचे काम आहे. तिसऱ्या भागातील पाच वाक्ये ह्या कसोट्यांनुसार पुन्हा रचली असता ती अशी होतात :

आंघोळ रोज घातली तरी चालेल, एखाद्या दिवशी चुकली तरी चालेल. ती आईनेच घालावी असे नाही. टाळूवर तेल घालण्याची आपल्याकडे चाल आहे. टाळू त्याने भरत नाही. लावायचेच तर हलक्या हाताने लावावे, दाबू नये. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध एवढाच अपवाद. आई कामावर असेल तेव्हा तिने काढून ठेवलेले दूध घरी असेल त्याने वाटी-चमच्याने पाजावे. काजळ घालू नका. दोन महिन्यांच्या आतील बाळ शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा; ६० किंवा अधिक भरले तर पुन्हा मोजा; तेच आले तर सकाळची वाट पाहू नका. काखेतील ताप ३७.५ अंश सेल्सिअस किंवा अधिक असेल, अथवा बाळ पिणे सोडील, तरीही त्याच वेळी रुग्णालयात न्या.

ह्या परिच्छेदात विध्यर्थ आहे, आज्ञार्थ आहे, ‘चालेल’ हा भविष्यकाळही आहे. प्रत्येक रूप आपापल्या कामाला लावलेले आहे. भाषा पूर्वीपेक्षा कमी एकसारखी झाली, आणि कदाचित कमी सुबकही. परंतु रात्री दोन वाजता ग्रंथ उघडणाऱ्या त्या दोघांना आता हे कळते की पाचांपैकी कोणते वाक्य सकाळपर्यंत थांबू शकते आणि कोणते थांबू शकत नाही. जाणत्या बाईला जे आवाजाने साधत असे ते लिखित मराठीला क्रियापदाच्या रूपांनी साधता येते. ती रूपे भाषेत पूर्वीपासून आहेत. ती वापरण्याची जबाबदारी लेखकांची, आणि ती वापरली गेली की नाही हे पाहण्याची समीक्षेची.